गाडीचा सायलेन्सर बदलताना



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणेप्रक्रिया, पाचट आच्छादन नाहीतर हुमणी यावर लिहावे, असा आपल्या मुखपत्राचा रिवाज आहे. या खेपेस मी गाडीच्या सायलेन्सरवर लिहीत आहे. कारण साधे आहे. आपल्या कार्यक्षेत्रात आता वस्तीवस्तीवर बोलेरो, स्कॉर्पिओ उभी दिसते. गाडी सहा-सात वर्षांची झाली की सायलेन्सर सडतो आणि मग मिस्त्री जो डबा हातात देईल तो आपण बसवून घेतो. मीही तेच केले आणि त्याची फळे घरच्यांनी भोगली.

२०२३-२४ च्या हंगामात माझ्या चार सिलिंडरच्या जुन्या डिझेल जीपचा सायलेन्सर फडातल्या सरीवर आपटून फुटला. हंगाम ऐन भरात, गाडी उभी ठेवणे परवडणारे नव्हते. तालुक्याच्या एका गॅरेजात नवा चकचकीत डबा दाखवला. बसवला, गाडी चालू केली, आवाज मऊ वाटला. म्हटलं, झालं काम.

चूक इथेच झाली. गॅरेजात गाडी जागेवर उभी असते, इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर निवांत चाललेले असते. अशा वेळी भोक पडलेला डबासुद्धा शहाण्यासारखा वागतो. खरा आवाज कळतो तो रस्त्यावर. वरच्या गिअरला पन्नास-साठचा वेग धरला की माझ्या गाडीत घूंऽऽ असा घुमारा सुरू व्हायचा. कानापेक्षा छातीत जास्त जाणवायचा. दिवसाकाठी सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरती. घरी आलो की टीव्हीचा आवाज मी वाढवतो आणि मंडळी कमी करतात, असा खेळ सुरू झाला.

एका रात्री जळीत उसाचा पंचनामा करून दोनच्या सुमारास परतत होतो. वाटेत तोडणी मजुरांचा तळ लागतो. गाडी जवळ आली तशी बैलं उठून उभी राहिली, कोपीत पोर रडायला लागलं. एक म्हातारी बाहेर आली. म्हणाली, "साहेब, तुमची गाडी आली की बैलं दावी तोडाय बघत्यात. लेकरं दिसभर फडात असत्यात, रातीचं तरी निजू द्या की." मी "चुकलं मावशी" म्हणून गाडी हळू काढली. पण हळू काढली म्हणून सायलेन्सर सुधारत नाही.

त्यापुढची गोष्ट अधिक गंभीर. जानेवारीत मुलीला तालुक्याहून घरी आणत होतो. थंडी होती म्हणून काचा वर. अर्ध्या वाटेत तिचे डोके दुखू लागले, मळमळ झाली. गाडी लागली असेल, असे आम्ही धरून चाललो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि काच खाली केली की बरे वाटायचे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडीखाली वाकून पाहिले तर डब्याच्या पुढच्या सांध्याला तडा, आणि तड्याभोवती काजळीचा काळा पट्टा. धूर मागच्या नळीतून बाहेर पडण्याऐवजी मागच्या सीटखाली सुटत होता आणि फ्लोअरच्या फटीतून आत येत होता. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण बाकीचे वायू आणि काजळी भरपूर. डिझेलचा धूर कॅन्सरला कारण ठरतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ सालीच जाहीर केले आहे. हे सगळे मला ऐकून माहीत होते. माहीत असून लेकराला धुरात बसवले.

तडा का गेला? मूळ सायलेन्सर रबराच्या कड्यांवर टांगलेला असतो, कारण इंजिन हलते तशी नळीही हलली पाहिजे. आमच्या मिस्त्रीने एक रबर तुटलेले पाहून तिथे तार आवळून दिली. घट्ट बांधलेली वस्तू हादऱ्याने कुठेतरी तुटणारच, आणि तुटेपर्यंत तो हादरा पत्र्यात उतरून आवाज वाढवणार. डबा कितीही भारी घ्या, रबरं जुनी असतील तर पैसे पाण्यात. रबरं, सांध्यातले पॅकिंग, क्लॅम्प हे तिन्ही नवेच घ्यावेत.

आता डब्याविषयी. याचे मुख्यतः दोन प्रकार. एकात जाळीची सरळ नळी असते आणि भोवती ग्लास वूल भरलेले असते. हा डबा करकर, फटफट असा बारीक आवाज शोषतो, पण जाड घुमारा तसाच सोडून देतो. शिवाय वूल काही वर्षांत काजळीने भरते नाहीतर उडून जाते. दुसऱ्या प्रकारात आत पडदे आणि कप्पे असतात. आवाज एका कप्प्यातून दुसऱ्यात वळत जातो, आपटून परत येतो आणि आपणच आपल्याला मारतो. जाड आवाजाला हाच उपाय. काही गाड्यांना मध्ये अजून एक लहान डबा असतो, त्याला रेझोनेटर म्हणतात. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली तर एकच सूर निघतो ना, तशीच ती घागर एका ठराविक सुराला धरून दाबते. लोकल काम करताना हा लहान डबा "कशाला पाहिजे" म्हणून कापून सरळ नळी जोडतात. माझ्या गाडीचा घुमारा तिथूनच आला होता. चार सिलिंडरच्या इंजिनात फेरीमागे दोन स्फोट होतात. म्हणजे २,००० फेऱ्यांना सेकंदाला साधारण ६७ ठोके. हा अगदी जाड सूर, आणि बंद टपात तोच घुमतो. तीन सिलिंडरच्या गाडीत तेवढ्याच फेऱ्यांना ५० ठोके, म्हणजे आणखी जाड.

डब्याचा आकार मात्र कोणालाही तपासता येतो. टेप घ्या, झाडाचा घेर मोजतो तसा डब्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर, भागिले साडेबारा, गुणिले लांबी. आले ते घन सेंटिमीटर, हजाराने भागले की लिटर. (लंबगोल डब्याला हिशेब थोडा जास्त येतो, पण तुलनेला चालतो.) माझा जुना डबा घेराने ६० आणि लांबीला ५० होता, म्हणजे सव्वाचौदा लिटरच्या आसपास. लोकल डबा ४७ आणि ४५, म्हणजे आठ लिटरही नाही. अडीच लिटरच्या इंजिनाला एवढीशी जागा दिली तर तो ओरडणारच. आत कप्पे असोत नसोत, मूळ डब्यापेक्षा लहान डबा घेऊ नये.

नळीचा व्यासही मूळचाच ठेवावा. जाड नळीने पिकअप वाढतो अशी तरुण मंडळींची समजूत आहे. साध्या डिझेल गाडीत वाढतो तो बहुतेक आवाजच. उलट नळी बारीक झाली तर धूर अडतो, इंजिन तापते आणि डिझेल जास्त लागते.

पत्र्याविषयी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात डबा तापतो आणि वाफ निघून जाते. पण वस्तीपासून फडापर्यंत दोन-चार किलोमीटर जायचे आणि गाडी बंद करायची, हा आपला रोजचा क्रम. त्यात पाणी डब्यातच थंड होते आणि पत्रा आतून सडतो. म्हणून साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियमचा थर दिलेला किंवा स्टेनलेसचा डबा आपल्याकडे टिकतो. काही डब्यांना खाली सुईएवढे भोक असते, ते हे पाणी गळून जाण्यासाठीच. लीक समजून त्यावर वेल्डिंग मारू देऊ नका.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या इंजिनाजवळचा डबा म्हणजे सायलेन्सर नव्हे, तो काजळी अडवणारा फिल्टर आहे. त्याला हात लावू नये. तो कापून पोकळ करून देणारे भेटतात, ते बेकायदेशीर आहे. हा फिल्टर स्वतःची काजळी जाळतो तेव्हा आत सुमारे ६०० अंश उष्णता होते. त्या वेळी गाडी वाळल्या पाचटावर उभी केली तर काय होईल, हे ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको.

कायद्याचेही थोडे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, सायलेन्सर सक्तीचा आहे. आवाजाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्सवर तीन महिन्यांची गदा. आपल्या मिल हाऊसमध्ये आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. ९५ झाले की चारच तास. कामगार तिथे कानाला मफ लावतो. ट्रॅक्टरवर डबा काढून नुसती पुंगळी लावणारा ड्रायव्हर मात्र गाणी लावतो, तीही आवाजावर मात करण्यासाठी!

शेवटी मी मूळ मापाचा, कप्प्यांचा, थर दिलेल्या पत्र्याचा डबा रेझोनेटरसह बसवला. लोकल डब्याच्या जवळपास दुप्पट पैसे गेले. पैसे देण्याआधी मिस्त्रीला शेजारी बसवून वरच्या गिअरला चार किलोमीटर गाडी पळवली. नंतर थंड इंजिन चालू करून, हाताला जाड ओले फडके गुंडाळून मागची नळी क्षणभर दाबून धरली. सांध्यातून फुस्स आवाज आला नाही, तेव्हाच बिल चुकते केले. पाचशे किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा आवळले. मुलीचे डोके त्यानंतर दुखलेले नाही. टीव्हीचा वाद अजून मिटलेला नाही, कानाच्या डॉक्टरांची तारीख घेतली आहे.

गट ऑफिसात टेप ठेवला आहे. ज्यांना डबा बदलायचा आहे त्यांनी बाजारच्या दिवशी सकाळी गाडी घेऊन यावे, जुन्या डब्याचे माप आपण लिहून घेऊ. येताच मापाला बसू नये, गाडी तासभर थंड होऊ द्यावी. हात भाजतो.