‘आयरनी’चा प्रतिशब्द आणि तमाशातील गवळण

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील माध्यमिक विद्यार्थ्यास इंग्रजीच्या तासाला ज्या वाङ्मयीन संज्ञा शिकाव्या लागतात, त्यांपैकी पुष्कळ त्याच्या मराठी व्याकरणात आधीच आलेल्या असतात. ‘सिमिली’ ही उपमा, ‘पर्सॉनिफिकेशन’ ही चेतनगुणोक्ती. ‘मेटॅफर’ला रूपक म्हटल्याने बहुधा काम भागते, मात्र उपमेय गाळून नुसते उपमान योजले तरी इंग्रजीत तो मेटॅफरच राहतो, संस्कृत साहित्यशास्त्र त्याची गणना अतिशयोक्तीत करते. कथानक, पात्र, स्थलकाल यांविषयी घोटाळा फारसा नाही.

घोटाळा होतो तो ‘आयरनी’पाशी. तिला ‘उपरोध’ हा प्रतिशब्द सर्रास दिला जातो. परंतु उपरोधात बोलणाऱ्याचा हेतू गृहीत असतो. तो जाणूनबुजून उलट बोलतो. आयरनीच्या तीन प्रकारांपैकी केवळ शाब्दिक प्रकारास हे वर्णन लागू पडते. दुसरा प्रकार प्रसंगनिष्ठ. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्यास नाव मात्र त्याचेच राहिले. शेतीसाठी पाणी अडवावे आणि त्याच पाण्याखाली तेथली शेती जावी, यात कोणी कोणास टोमणा मारलेला नाही. विपरीतता प्रसंगातच आहे.

तिसरा प्रकार नाट्यगत विपरीततेचा. सोफोक्लीजच्या नाटकांतील या विशेषाची चर्चा कॉनप थर्लवॉल याने १८३३ साली केली. ईडिपस ज्या अपराध्यास शाप देतो तो स्वतः तोच आहे, हे प्रेक्षक जाणतात. तो जाणत नाही. याचे उदाहरण शोधण्यास ग्रीसपर्यंत जाण्याची वस्तुतः गरज नाही. विठाबाई नारायणगावकरांच्या (१९३५–२००२) नावाशी जोडलेले नारायणगाव जुन्नर तालुक्यातच आहे, आणि यात्रांच्या सुपाऱ्या घेण्यासाठी तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेथे पडतात. तमाशात गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण व पेंद्या अडवतात, दाण मागतात. आणि मावशी ‘तू रे कोण?’ म्हणून कृष्णाचीच झडती घेते. तो कोण हे मंडपातील लहान पोरासही ठाऊक असते! मावशी उपरोधाने बोलत नाही, मनापासून विचारते. हशा उत्पन्न होतो तो तिच्या अज्ञानातून व प्रेक्षकांच्या ज्ञानातून. ईडिपसच्या बाबतीत याच रचनेतून भय निर्माण होते. तेव्हा ही संज्ञा विशिष्ट रसाची नव्हे. कोणास काय, केव्हा ठाऊक आहे, या मांडणीची आहे.

गद्यकथेत ही वाटणी निवेदक करतो, म्हणून ‘निवेदनाचा दृष्टिकोन’ हा कथाघटक येथे महत्त्वाचा ठरतो. ओ. हेन्रीच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ या १९०५ सालच्या कथेत पत्नीने केस विकल्याचे वाचकास आधी कळते. पतीने घड्याळ विकल्याचे मात्र अखेरीस, तिच्याबरोबरच. म्हणून तेथील शेवट प्रसंगनिष्ठ विपरीततेचा. घड्याळ विकल्याचे आरंभीच सांगितले असते, तर एकही घटना न बदलता ती विपरीतता नाट्यगत झाली असती, आणि गवळण पाहणाऱ्याप्रमाणे वाचकही ते दोघांना कधी कळते याची वाट पाहत बसला असता.