हातांची कैफियत

लग्नघरात सनई-चौघडा सुरू झाला, पंगतीची भांडी खणखणू लागली, माणसांची वर्दळ वाढली, आणि कोपऱ्यात उभे असलेले पाच वर्षांचे मूल टाचा उचलून दोन्ही हात पाखराच्या पंखांसारखे फडफडवू लागले, की वडीलधाऱ्यांच्या नजरा त्याच्या आईकडे वळतात. आणि ती बिचारी, खाली मान घालून, ते हात आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवते. मुलाची कैफियत ऐकून घेण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

स्वमग्न मुलांच्या या पुनरावृत्त हालचालींना शास्त्रात स्वयंउद्दीपन म्हणतात; पालकांच्या बोलण्यात ‘स्टिमिंग’ हा शब्द रुळला आहे. मागेपुढे डोलणे, गिरक्या घेणे, डोळ्यांसमोर बोटे नाचवणे, एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणणे, ही त्याची रूपे. 1943 साली बाल्टिमोर येथील लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ज्या 11 मुलांच्या हकीकती प्रसिद्ध करून स्वमग्नतेस स्वतंत्र ओळख दिली, त्यांतील पहिला मुलगा डोनाल्ड, ठोकळे असोत की स्वयंपाकघरातील भांडी, हाती येईल ती वस्तू गरगर फिरवी आणि तिचे फिरणे पाहून हर्षभराने उड्या मारी. या विषयाच्या अगदी सुरुवातीच्या दस्तऐवजात आनंदाची नोंद अशी स्पष्ट आहे. ती वाचायची मात्र आपल्याकडून राहून गेली.

आनंद हे एक कारण. दुसरे इंद्रियांच्या घडणीत आहे. मिक्सरची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, सदऱ्याच्या कॉलरमागची टोचणारी चिठ्ठी, हे सारे आपण नकळत मागे सारतो; ज्या मुलाला ते साधत नाही, त्याला त्या कल्लोळात स्वतः निर्माण केलेली, ठरावीक लयीची एखादी संवेदना आधाराची वाटते. उलट काही मुलांना आपल्याच शरीराची जाणीव इतकी मंद पोचते, की उड्या मारल्यावाचून किंवा भिंतीला अंग दाबल्यावाचून त्यांना स्वस्थता लाभत नाही. अमेरिकेतील पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन, ज्या स्वतः स्वमग्न आहेत, सांगतात की बालपणी बोटांमधून वाळू गाळीत बसल्या असता कानांना दुखवणारे आवाज दूर राहत.

तरीही दीर्घकाळ या हालचालींना मज्जावच होता. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ ईवार लोवास यांनी त्या मोडून काढण्यासाठी दरडावणे व चापट मारणे यांचाही उपचार म्हणून अवलंब केला. पुढे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 32 स्वमग्न प्रौढांना त्यांचा अनुभव विचारला गेला, तेव्हा या हालचालींनी मन शांत होते, अनावर भावनेला वाट मिळते, असे सांगून त्यांनी त्या समूळ नाहीशा करू पाहणाऱ्या उपचारांस हरकत घेतली.

सरसकट मुभा द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. मूल डोके आपटत असेल, मनगट चावून जखम करीत असेल, तर तातडीने तजवीज हवी. आणि प्रथम कान, दाढ वा पोट दुखत नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, तो ते असेही सांगतो. मग चावण्यासाठी रबरी कडे, अंगाला झोका, टेकायला लोड, असा निरुपद्रवी पर्याय द्यावा. एरवी एक वही ठेवावी: हालचालीपूर्वी काय घडले, नंतर मूल निवले की अधिक बेचैन झाले. पंधरा दिवसांच्या नोंदींतून पुष्कळ उलगडते.

त्या लग्नघरातील आईने मुलाला मागच्या ओट्यावर न्यावे, जेथे चौघडा मंद ऐकू येतो, आणि त्याचे हात सोडून द्यावेत; ते निवतील तेव्हा आपणहून खाली येतील. आपण पाहुण्यांनी तिला वाट करून द्यावी.