पाळीची वाट पाहणारा फलंदाज

घरातील कोणी अंथरुणाला खिळले, की औषधांच्या वेळा सांभाळणारे आणि रात्री दोनदा उठून पाहणारे एक माणूस त्या घरात असते. भेटीस येणारे रुग्णाची विचारपूस करतात. त्या माणसाची सहसा करीत नाहीत. निवृत्त होऊन घरी बसलेल्या ज्येष्ठांच्या मनातही कधीतरी येते, की आता आपला उपयोग तो काय? वाचकहो, हा विचार आपणांस छळत असेल, तर अमोल मुजुमदार यांची कारकीर्द जरूर पाहावी.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस ढाल स्पर्धेत शारदाश्रम शाळेचे सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून होता. त्याची पाळी आलीच नाही. तेरा वर्षांचा तो मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार.

पुढे रणजी पदार्पणातच त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ३० शतकांसह ११,१६७ धावा जमविल्या. २००६-०७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला. तरीही भारताच्या संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या त्या काळात मधल्या फळीत जागाच नव्हती. पुढे आसाम आणि आंध्र यांच्याकडून खेळून २०१४ मध्ये ते निवृत्त झाले.

दुसऱ्या रांगेतील काम

निवृत्तीनंतर त्यांनी प्रशिक्षणाची वाट धरली. राजस्थान रॉयल्सचे ते फलंदाजी प्रशिक्षक होते. २०१९ मध्ये भारत दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघासाठीही त्यांनी तेच काम केले. असा प्रशिक्षक मुख्य प्रशिक्षकाचा सहायक असतो. नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकून द्यायचे, खेळाडूचे पाऊल कोठे पडते ते न्याहाळायचे, आणि सांगायचे ते थोडक्यात सांगायचे. धावफलकावर त्याचे नाव कधीही लागत नाही.

२०२१ मध्ये ते मुंबई संघाचे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात हा संघ लागोपाठ तीन सामने हरला. त्यानंतर उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे लक्ष्य त्याने पार केले, आणि २ नोव्हेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला. हे दोन्ही सामने आपल्याच नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाले. दिघा गाव स्थानकातून ट्रान्स हार्बर मार्गाने निघाले, तर हे मैदान काही फार दूर नाही. जिंकल्यावर कर्णधार हरमनप्रीत कौर त्यांच्या पाया पडली. ज्याला भारताची टोपी कधी लाभली नाही, त्याच्या हाताखाली भारत जगज्जेता झाला.

आपण काय घ्यावे?

शुश्रूषा करणारी व्यक्ती ही एका अर्थी सहायक प्रशिक्षकच असते. म्हणून त्या कामातील तीन गोष्टी आपणांस उपयोगी पडतील.

पहिली, निरीक्षण. रुग्णाची भूक, झोप आणि चाल यांत झालेला बदल एका वहीत तारखेसह लिहून ठेवावा. डॉक्टरांना अशा नोंदींची मोठी मदत होते.

दुसरी, एका वेळी एकच सूचना. "पाय उचला, काठी धरा, सांभाळा" असे एका दमात सांगितले, की वृद्ध माणूस गोंधळतो. आधी काठी हाती येऊ द्यावी, मग पाऊल. जे काम त्यांना स्वतः करता येते, ते वेळ लागला तरी त्यांनाच करू द्यावे.

तिसरी, आपलीही विश्रांती. कोणताही संघ एका माणसाच्या बळावर चालत नाही. आठवड्यातील काही तास भावंडांनी वा शेजाऱ्यांनी वाटून घ्यावेत. स्वतःचा रक्तदाब आणि साखर तपासणे लांबणीवर टाकू नये.

ज्येष्ठांनीही सराव सोडू नये. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पडण्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. आणि संध्याकाळी नातवंडे खेळत असतील, तेथे खुर्ची टाकून बसावे. चेंडू परत टाकून देणे, चांगल्या फटक्याला दाद देणे, हेही कामच आहे.

मुजुमदारांना विश्वचषक लाभला तेव्हा ते एक्कावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. आझाद मैदानावरच्या त्या दिवसाला सदतीस वर्षे उलटून गेली होती.