आर्कान्साच्या तीरावरील मातीचा कोट

कोलोरॅडो राज्यात ला हुंटा गावानजीक आर्कान्सा नदीच्या उत्तर तीरावर उभ्या असलेल्या मातीच्या कोटास लोक किल्ला म्हणत असले, तरी तो कोणा राजाने वा सेनापतीने बांधलेला नसून, चार्ल्स व विल्यम बेंट हे बंधू आणि त्यांचे भागीदार सेरान सेंट व्रेन यांनी १८३३ च्या सुमारास उभारलेली ती व्यापाराची कोठी होय. १८४८ पर्यंत ही नदीच संयुक्त संस्थाने व मेक्सिको यांच्यामधील सरहद्द होती. त्यामुळे तटावरून दक्षिणेकडे पाहणाऱ्यास पैलतीरी परमुलूख दिसे.

या कोटात डिसेंबरच्या आरंभी नाताळचा जुन्या काळचा सोहळा भरविण्याचा परिपाठ आहे. त्या काळचे पोशाख ल्यालेले लोक मेणबत्त्यांच्या उजेडात पाहुण्यांना दालनांतून फिरवितात, मुले नाताळच्या रात्री आगटीत जाळावयाचा लपविलेला ओंडका शोधीत हिंडतात, मेक्सिकन रिवाजाप्रमाणे मिठाईने भरलेला पिन्याता काठीने फोडला जातो आणि साखरेचा पाक ताणून टॅफी करण्यात थोरामोठ्यांचेही हात चिकट होतात. हा सारा थाट काहीसा बाळबोध आहे खरा. परंतु दालनात बसून लेख वाचण्यापेक्षा थंडीत कुडकुडत लोहाराच्या भट्टीपाशी उभे राहणाऱ्यास त्या काळाचा अदमास अधिक येतो, असे मला वाटते.

मात्र जुन्या काळी येथला हिवाळा मुख्यतः व्यापाराचा मोसम होता. बायसनच्या कातड्यावरील लोकर हिवाळ्यातच दाट होते, म्हणून कोठीचे व्यापारी मणी, घोंगड्या, भांडी, कॉफी, साखर असा माल घेऊन शायेन या मूलनिवासी लोकांच्या हिवाळी तळांवर जात आणि त्याच्या मोबदल्यात केसाळ कातडी आणीत. ती कातडी खरवडून, मऊ करून पांघरण्याजोगी करण्याचे जिकिरीचे काम तेथील स्त्रियांचे असे. १८४६ च्या हिवाळ्यात लुईस गॅरार्ड हा १७ वर्षांचा मुलगा असाच एका व्यापाऱ्याबरोबर त्या तळांवर जाऊन राहिला, आणि पुढे त्याने त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. स्वतः विल्यम बेंटने शायेन स्त्रीशी विवाह केला होता. तेव्हा सोयरीक आणि सौदा यांची येथे फारकत नव्हती.

आज दिसणारा कोट मात्र मूळचा नव्हे. विल्यमने १८४९ मध्ये जागा सोडली आणि आपल्याकडील पांढऱ्या मातीच्या गढ्यांची जी गत झाली तीच या भिंतींचीही झाली. परंतु १८४६ मध्ये लेफ्टनंट जेम्स एबर्ट हा आजारी पडून येथे अडकला असता त्याने वेळ घालविण्यासाठी म्हणा वा शिस्तीपोटी म्हणा, इमारतीची मोजमापे आणि चित्रे काढून ठेवली; उत्खननातून सापडलेला पाया व हे कागद यांच्या आधारे १९७६ मध्ये कोट पुन्हा उभा राहिला. एका दुखणाइताच्या रिकामपणाचे इतके ऋण दुसऱ्या एखाद्या इमारतीवर क्वचितच असेल.

गॅरार्डने कोठीतील नाचाचेही वर्णन केले आहे, आणि त्या नाचात ज्या दोन स्त्रियांभोवती सगळे पुरुष घोटाळत, त्यांपैकी एक होती कोठीची स्वयंपाकीण शार्लट. ती कृष्णवर्णीय होती, नवरा डिक याच्यासह बेंट कुटुंबाच्या मालकीची गुलाम होती, आणि तिच्या हातच्या पदार्थांची कीर्ती दूरवर पोहोचली होती. १८४७ मध्ये ताओस गावी झालेल्या बंडात चार्ल्स बेंट मारला गेला. त्याचा सूड घेण्याच्या लढाईत डिकने पराक्रम केला, तेव्हा कुठे त्या जोडप्यास मुक्ती मिळाली. नाताळच्या सोहळ्यात पाहुण्यांना कोठीतील मुदपाकखाना दाखविणाऱ्याने पदार्थांच्या चवीइतकेच ठळकपणे हेही सांगितले पाहिजे, कारण त्या चुलीसमोर उभी राहणारी बाई इतकी वर्षे कोणाच्या हुकमाने उभी होती, हे कळल्याखेरीज तेथील उत्सवाचा अर्थ अर्धाच लागतो.