बटण रंगवलं म्हणजे झालं?

विजेटला ब्रँडचा रंग दिला, कोपरे गोल केले, थोडी सावली टाकली की स्टायलिंग आटोपलं, हा ॲप बनवणाऱ्यांचा लाडका समज. डिझायनरच्या चित्रात बटणाची बहुधा एकच अवस्था असते, त्यामुळे तो टिकतोही. प्रत्यक्षात बटण दाबलेलं असतं, निष्क्रिय असतं, कीबोर्डने फोकसमध्ये आलेलं असतं. तयार विजेट हे सगळं मुकाट सांभाळतं. ते बाजूला सारलं की भार आपल्यावर. फ्लटरमध्ये कंटेनरभोवती जेश्चरडिटेक्टर गुंडाळून हुबेहूब बटण उभं करता येतं आणि ते टॅपला प्रतिसादही देतं. पण टॉकबॅक हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला त्यावरचा मजकूर ऐकू येतो, हे बटण आहे हे मात्र सांगितलं जात नाही. ते सिमँटिक्स विजेटमधून वेगळं सांगावं लागतं. कीबोर्डचा फोकसही आपोआप मिळत नाही.

मापांचंही तेच. चिन्ह 24 डीपीचं दिसायला हरकत नाही; बोटाला मात्र अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे किमान 48 डीपी, म्हणजे साधारण 9 मिलिमीटर जागा हवी. ॲपलचा आकडा 44 पॉइंट. जेवढं दिसतं तेवढंच दाबलं जावं, असं बंधन कुठेच नाही. उंची ठोकून पक्की करणं मराठीत तर फारच नडतं. रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या बटणात ‘पूर्ण’ बसवून पाहा: खालून ऊकार छाटला जातो, वरून रफार. त्यात अँड्रॉइड 14 पासून अक्षरं 200 टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. म्हणून किमान उंची आणि पॅडिंग द्यावं, बाकी मजकुराला ठरवू द्यावं.

मग ब्रँडची ओळख कशी राखायची, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी बहुतेक वेळा थीम पुरते: प्रत्येक अवस्थेचा रंग, आकार, अक्षरशैली तिथेच ठरवता येते. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं हवीच असतील, तर 4.5:1 या किमान कॉन्ट्रास्टचं उत्तर ब्रँडवाल्यांनीच द्यावं. स्वतः रेखाटलेलं विजेट संथच चालतं, हीही भीती अनाठायी. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात आणि एखादा कंस काढायला ते भरपूर होतात. वेळ खातं ते अँड्रॉइडच्या ऑनड्रॉमध्ये, म्हणजे विजेट रेखाटणाऱ्या फंक्शनमध्ये, दर खेपेला नवा पेंट ऑब्जेक्ट तयार करणं. तो एकदाच, बाहेर तयार करावा. गोल डायल किंवा ध्वनिलहरींचा आलेख यांना तयार पर्याय नसतो, तिथे कस्टम विजेट जरूर लिहावं. फक्त डायलवरचा आकडा टॉकबॅकलाही वाचता येईल, याची सोय पहिल्याच आवृत्तीत असावी.