जुनी तबकडी की नवी आवृत्ती?

मैत्रिणींनो, माळा आवरताना सासूबाईंच्या काळातली रेकॉर्डची पेटी हाती लागते आणि घरात दोन मतं होतात. कुणी म्हणतं, "द्या भंगारात!" तर मुलगी म्हणते, "नको गं आई, आता पुन्हा रेकॉर्डची आवड आलीय." शिवाय दुकानात चकचकीत नव्या आवृत्त्याही दिसतात. मग ठेवायचं काय आणि विकत घ्यायचं काय?

आधी पेटीत काय आहे ते पाहा. जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लाखेची. लाखेच्या बांगडीसारखीच पडली की फुटली! बालगंधर्वांची, हिराबाई बडोदेकरांची जुनी पदं अशाच तबकड्यांवर आली. टेप येण्यापूर्वी गाणं थेट मेणावर कोरलं जाई. त्यामुळे नवी आवृत्ती निघते ती साच्यावरून किंवा जुन्या तबकडीवरूनच, खरखर काढून. त्यात आवाजाची धारही थोडी बोथट होऊ शकते. कित्येक गाण्यांची नवी आवृत्ती तर निघालीच नाही. म्हणून या तबकड्या भंगारात मुळीच घालू नका.

विनाइलच्या लाँगप्लेचं गणित वेगळं. जुनी घेताना ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. नखाला न लागणारे बारीक ओरखडे फारसे बाधत नाहीत. पण रेघा करड्या, निस्तेज दिसल्या तर जुन्या सुईनं त्या झिजवल्यात असं समजा. ही झीज कितीही धुतलं तरी जात नाही. दुकानदार पहिलं गाणं लावून दाखवील. तुम्ही शेवटचं लावायला सांगा! आतल्या रेघांत दोष लवकर कळतो. वरच्या सुरात आवाज फाटला, तर तबकडी मूळची असो वा दुर्मीळ, परत करा.

नवी घेताना पाकीट वाचा. मूळ टेपवरून काढल्याचं स्पष्ट लिहिलं असेल, तर जास्त पैसे देण्यात अर्थ आहे. काहीच लिहिलेलं नसेल, तर मोबाइलवर ऐकता तेच गाणं मोठ्या पाकिटात मिळण्याची शक्यता धरा. रोज लावायला, मुलांच्या हाती द्यायला मात्र नवीच बरी.

थोडी निगा हवीच. तबकड्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. तिला जाड सुई लागते, लाँगप्लेला बारीक. चावीच्या ग्रामोफोनवर लाँगप्ले कधीही लावू नका. ती पोलादी सुई एका फेरीतच रेघा खरवडून टाकते.

आणि एक करा. कोणती तबकडी कुणी, कुठल्या निमित्तानं आणली होती, ते सासूबाईंना विचारून चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी पाकिटात ठेवा. ही माहिती कुठल्याच नव्या आवृत्तीवर छापलेली मिळणार नाही.