४८-० ने हरलेल्यांचं पुढे काय झालं?

समजा तुमच्या शाळेचा कबड्डीचा संघ पहिल्याच सामन्यात ४८-० असा हरला. समोरच्यांचे ४८ गुण आणि आपला भोपळा! दुसऱ्या दिवशी सरावाला किती जण येतील? निम्मे तर पोटदुखीचं निमित्त सांगून घरीच बसतील, नाही का?

१९८३ साली ब्रिटनमध्ये एका संघावर नेमकी अशीच वेळ आली. खेळ होता अमेरिकन फुटबॉल. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे, बरं का! यात चेंडू लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळायचं, हातानंच फेकायचा आणि समोरच्यांनी आडवं येऊन पळणाऱ्याला लोळवायचं. म्हणून डोक्यावर जाळीचं हेल्मेट आणि खांद्यांवर जाडजूड पॅड. खेळाडू मैदानात उतरले की जणू चिलखत घातलेले शिपाईच वाटतात.

आता प्रश्न असा, की अमेरिकेतला हा खेळ ब्रिटनमध्ये पोचला कसा? तिथे तर फुटबॉल, रग्बी आणि क्रिकेट घरोघरी मुरलेलं.

याचं उत्तर आहे टीव्ही! ब्रिटनमध्ये तोवर तीनच वाहिन्या होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये ‘चॅनल फोर’ ही चौथी वाहिनी सुरू झाली. नव्या वाहिनीला काहीतरी नवं दाखवायचं होतं. तिनं अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे म्हणजे ‘एनएफएल’चे सामने दाखवायला सुरुवात केली. रंगीबेरंगी पोशाख, धडाधड टकरा, लांबच लांब फेक! पोरं तर वेडी झालीच, पण मोठी माणसंही टीव्हीसमोरून हलेनात.

काही जणांना मात्र नुसतं बघून चैन पडेना. ‘आपणच का खेळू नये?’ असं त्यांना वाटलं. लंडनमध्ये अशा हौशी मंडळींनी १९८३ साली एक क्लब काढला. नाव ठेवलं ‘लंडन रेव्हन्स’. रेव्हन म्हणजे डोमकावळा. ब्रिटनमधला हा अमेरिकन फुटबॉलचा पहिला क्लब मानला जातो.

पण एका क्लबनं सामना कसा होणार? समोर कुणीतरी हवं ना! इंग्लंडच्या वायव्येला नॉर्थविच नावाचं गाव आहे. तिथे ‘स्पार्टन्स’ नावाचा संघ उभा राहिला. त्याच वर्षी लंडनमधल्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर, म्हणजे चेल्सी फुटबॉल क्लबच्या घरच्या मैदानावर, दोघांची गाठ पडली. निकाल काय लागला? रेव्हन्स ४८, स्पार्टन्स ०.

हाच तो सामना!

यानंतर काही वर्षं रेव्हन्सचीच होती. १९८५ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर राष्ट्रीय अंतिम सामना झाला. रेव्हन्सनी स्ट्रेटम ऑलिंपियन्स या दक्षिण लंडनच्या संघाला ४५-७ असं धुतलं. १९८६ मध्ये अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोन संघ आले. या वेळी २०-१२. जिंकले रेव्हन्सच, पण अडतीस गुणांचं अंतर आठावर आलं होतं. १९८७ मध्ये रेव्हन्स पुन्हा विजेते. लागोपाठ तीन वर्षं!

त्याच सुमाराला खेळाची लाट अगदी शिगेला पोचली होती. ऑगस्ट १९८६ मध्ये शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज हे खुद्द अमेरिकेतले संघ लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर खेळले. ऐंशी हजारांहून जास्त प्रेक्षक जमले. बेअर्समध्ये विल्यम पेरी नावाचा अगडबंब खेळाडू होता. लोकांनी त्याचं टोपणनाव काय ठेवलं होतं, ठाऊक आहे? ‘रेफ्रिजरेटर’! वजन दीडशे किलोच्या आसपास. असा फ्रिज अंगावर धावून आला तर काय होत असेल, कल्पना करा!

लाट आली की पैसाही येतो. ब्रिटिश लीगला मोठ्या कंपनीचं प्रायोजकत्व मिळालं आणि गावोगावी नवे संघ निघाले. पण लाट ओसरते, तेव्हा काय होतं? पैसा आधी जातो. हेल्मेट, पॅड, मैदानाचं भाडं, परगावच्या सामन्यांचा प्रवास हे खर्च मात्र तसेच राहतात. शिवाय संघटना एकापेक्षा जास्त आणि त्यांच्यात कुरबुरी. एकेक क्लब बंद पडू लागला. १९९१ मध्ये खुद्द लंडन रेव्हन्सही बंद पडला. जो पहिला होता आणि सगळ्यांना हरवत होता, तोच उरला नाही.

आणि हरणारे? इथेच खरी गंमत आहे.

नॉर्थविचच्या स्पार्टन्सनी ४८-० नंतर हेल्मेट माळ्यावर टाकलं नाही. हा संघ पुढे ‘मँचेस्टर स्पार्टन्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९० मध्ये युरोपमधल्या उत्तम क्लबांच्या ‘युरोबोल’ स्पर्धेत तो अंतिम फेरीत पोचला आणि इटलीच्या संघाला हरवून युरोपचा विजेता झाला! पहिल्या सामन्यातल्या भोपळ्यानंतर अवघ्या सात वर्षांनी.

आणि दोन अंतिम सामने हरलेले ते ऑलिंपियन्स? त्यांनी ‘लंडन ऑलिंपियन्स’ हे नाव घेतलं आणि १९९३ व १९९४ अशी लागोपाठ दोन वर्षं युरोबोल जिंकला. म्हणजे रेव्हन्सनी लोळवलेले दोन्ही संघ युरोपचे विजेते ठरले.

या सगळ्यात एक गोष्ट विसरू नका. हे क्लब हौशी होते. इथले बहुतेक खेळाडू आठवडाभर आपापली नोकरी करणारे. खेळून पगार मिळायचा नाही, उलट वर्गणी भरावी लागायची. ब्रिटनमधले क्लब आजही असेच चालतात. कुणी मैदानावर पट्टे आखतं, कुणी पाण्याच्या बाटल्या भरतं, कुणी लहान मुलांना शिकवतं. टाळ्या वाजतात टचडाउन करणाऱ्याला, पण क्लब उभा असतो तो या बाकीच्यांच्या जिवावर.

क्लब टिकून राहिला तर त्यातून काय घडतं, हे एका मुलाच्या गोष्टीतून पाहू या.

त्याचं नाव एफे ओबाडा. जन्म नायजेरियातला. नंतर तो नेदरलँड्समध्ये राहिला. दहा वर्षांचा असताना त्याला आणि त्याच्या बहिणीला लंडनला आणलं गेलं आणि तिथे चक्क वाऱ्यावर सोडून दिलं गेलं. परकं शहर, खिशात पैसे नाहीत, ओळखीचं कुणी नाही. एका इमारतीच्या रखवालदाराला त्या भावंडांची दया आली. त्यानं त्यांना आत झोपायला जागा दिली. पुढे एफे वेगवेगळ्या पालक-कुटुंबांत वाढला. मोठा झाल्यावर तो एका गोदामात काम करू लागला.

२०१४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, एका मित्राच्या सांगण्यावरून तो दक्षिण लंडनच्या ‘लंडन वॉरियर्स’ या हौशी क्लबमध्ये गेला. तोवर हा खेळ तो कधीच खेळला नव्हता! वॉरियर्सकडून त्याचे सामने झाले अवघे पाच. पण तिथले प्रशिक्षक एडन डर्ड यांना त्याच्यात काहीतरी दिसलं. डर्ड यांची डॅलस काउबॉइजशी ओळख होती. त्यांनी एफेला चाचणीची संधी मिळवून दिली आणि २०१५ मध्ये काउबॉइजनी त्याला करारबद्ध केलं.

इथेच ‘सुखी झाला’ असं लिहून गोष्ट संपवता आली असती. पण तसं झालं नाही. काउबॉइजनी त्याला मुख्य संघात घेतलं नाही. आणखी दोन संघांनीही त्याला सोडून दिलं. चौथा संघ होता कॅरोलिना पँथर्स. तिथे २०१८ मध्ये तो अखेर मुख्य संघात आला. २३ सप्टेंबर २०१८ च्या पहिल्याच सामन्यात त्यानं समोरच्यांचा चेंडू हवेतच पकडला, त्यांच्या मुख्य फेकणाऱ्याला चेंडू हातात असतानाच लोळवलं आणि पँथर्सनी सामना जिंकला. संघानं सामन्याचा चेंडू त्यालाच भेट दिला.

आणि ते डर्ड सर? तेही पुढे अमेरिकेत गेले. २०२४ मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्स संघाच्या बचावफळीचे प्रमुख प्रशिक्षक झाले. एनएफएलमध्ये हे पद मिळवणारे ते ब्रिटनमध्ये जन्मलेले पहिलेच.

मुलांनो, एफे २०१४ मध्ये त्या क्लबच्या मैदानावर गेला, तेव्हा तिथे हेल्मेट होतं, पॅड होते आणि शिकवणारं माणूस होतं. कारण लाट ओसरल्यावरही काही हौशी माणसं दर रविवारी मैदानावर येत राहिली. तुमच्या गावातलं कबड्डीचं मंडळ, खो-खोचं मैदान, तालीम ही ठिकाणंही अशाच माणसांनी चालू ठेवलेली असतात. एखाद्या संध्याकाळी तिथे नीट लक्ष देऊन पाहा. सगळ्यांत शेवटी कुलूप लावून घरी कोण जातं? त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर उद्याच विचारा!

चौकट : खेळाची तोंडओळख

• दोन्ही बाजूंचे एका वेळी ११-११ खेळाडू मैदानात असतात.
• मैदान १०० यार्ड लांब. शिवाय दोन्ही टोकांना १०-१० यार्डांची पट्टी. या पट्टीत चेंडू नेला की ‘टचडाउन’. त्याचे ६ गुण.
• चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला ४ संधी मिळतात. तेवढ्यात १० यार्ड (साधारण ९ मीटर) पुढे सरकलं की पुन्हा नव्या ४ संधी. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना!
• दोन खांबांमधून, आडव्या दांडीच्या वरून चेंडू लाथेनं मारला की ३ गुण. याला ‘फील्ड गोल’ म्हणतात.
• टकरा नसलेला एक प्रकारही आहे. त्यात चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या कमरेला लोंबणारी फीत ओढली की त्याची धाव तिथेच थांबते. हा ‘फ्लॅग फुटबॉल’ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी निवडला गेला आहे.